शिवदास चाळ, मानखुर्द

“रुग्ण क्रमांक दोनशे अकरा,” जयंती म्हणाली, आणि मी तो आकडा प्रथम अंकांत व नंतर कंसात अक्षरांनी लिहिला. “स्त्री. वय चोवीस वर्षे. पत्ता, शिवदास चाळ, खोली क्रमांक सात, मानखुर्द.” मी ‘शिवदास’ लिहिले, ‘चाळ’ लिहिले, आणि तेथेच माझा हात थांबला. हात थांबला असे म्हणणेही पुरेसे नाही. मनगटापासून पुढचा हात माझा राहिला नाही. फुलस्केप कागद, त्याखालचा ट्रंकेचा पत्रा, निबेच्या टोकाशी जमत चाललेली शाई, हे सारे मला अतिशय स्पष्ट दिसत होते, आणि त्या स्पष्टपणाचेच मला भय वाटले. बाहेर गॅलरीत कुणीतरी स्टोव्हला पिन मारीत होते. खाडीच्या चिखलाचा वास दुपारच्या उन्हाने तापून खोलीत शिरला होता. “काय झालं?” जयंतीने विचारले. “निब बिघडली?” मी नाही म्हणालो. “मग लिही ना. मला सहाच्या आत हॉस्टेलवर पोचायचंय.” मी खाली मान घालून ‘खोली क्रमांक सात, मानखुर्द’ असे लिहिले. अक्षर यत्किंचितही बिघडले नाही, याचे मला स्वतःलाच आश्चर्य वाटले. मानखुर्दला शिवदास चाळ नाही. ती चाळ मी बांधली होती, तीन वर्षांपूर्वी, पालिकेच्या एका दवाखान्याच्या खिडकीपाशी उभे राहून, अर्ध्या मिनिटाच्या अवधीत.

जयंती माझी धाकटी बहीण. आमच्यात चौदा वर्षांचे अंतर आहे. आई निवर्तल्यावर मी तिला गावाहून विक्रोळीच्या या खोलीत आणले, तेव्हा ती आठ वर्षांची होती. आता ती नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, तिच्या वर्गाला एक काम नेमून दिले होते. आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा आणि त्याबाबत सरकारने काय करावे हे चार पानांत सांगणारे धोरण-टिपण लिहावयाचे. जयंतीने विषय घेतला तो क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडून नाहीशा होणाऱ्या रुग्णांचा. तिच्या शिक्षिकाबाईंना टिपण इतके पसंत पडले की ते पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठविण्याचे ठरले. मात्र तेथे ते मराठीतून हवे होते. जयंतीचे मराठी इस्पितळात राहून ‘पेशंट डिफॉल्ट झाला’ अशा वळणाचे झाले आहे. म्हणून ती माझ्याकडे आली. माझे शिक्षण आठवीपर्यंतच झाले, परंतु वाचनालयातील पुस्तकांच्या संगतीत मी भाषा कमावली आहे, आणि अक्षराविषयी तर चाळीतील कोणालाही विचारावे. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लाकडी खोक्यांवर ब्रशने पत्ते रंगविण्याचे काम माझ्याकडे आहे. चौदा वर्षांत माझ्या हातचे एकही खोके भलत्या गावी गेलेले नाही.

जयंतीचा निरोप आल्यापासून आठ दिवस मी आनंदात होतो, हे मी लपविणार नाही. चार महिन्यांत ती घरी फिरकली नव्हती. मी नवा कागद आणला, दौत धुतली, ‘शिफारस’, ‘कार्यवाही’, ‘निदर्शनास येते’ असे शब्द मनाशी घोळवून ठेवले. परंतु ती आली तीच मुळी परक्यासारखी. बूट तिने उंबऱ्याबाहेर न काढता आत आणून भिंतीशी ठेवले. जणू चाळीवर तिचा भरवसा नव्हता. चहा नको म्हणाली. पाणी मी पुढे केले, तर पेल्याकडे पाहून “आत्ता नको” म्हणाली. तिच्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता आणि तिचे केस इतके घट्ट बांधलेले होते की कपाळाची कातडी ताणल्यासारखी दिसत होती. इस्पितळाने तिला गर्विष्ठ केले, असे मी समजलो. शिकलेल्या माणसाला आपल्या माणसांचे पाणी जड होते, असा एक कडवट विचारही माझ्या मनात येऊन गेला. आणि आता ती माझ्यासमोर चटईवर ताठ बसून, इंग्रजी कागदावर बोट ठेवून, मला माझीच चाळ सांगत होती.

त्या खिडकीपाशी मी का खोटे लिहिले, हे समजण्यासाठी आमच्या चाळीची रीत ठाऊक असावी लागते. आमच्याकडे पोस्टमन जिना चढत नाही. तळमजल्यावर धाकूमामा बाकड्यावर बसलेले असतात. गिरणी सुटल्यापासून तीच त्यांची जागा. पोस्टमन सगळे टपाल त्यांच्या हवाली करतो आणि धाकूमामा ते घरोघर पोचवितात. पाकीट असले तर मुकाट्याने देतात. कार्ड असले तर जिना चढता चढता मोठ्याने वाचतात. यात त्यांचा दुष्टावा नाही. निम्म्या बायकांना वाचता येत नाही, आणि गावाकडची बातमी कुणा एकाची नसते, असे ते मानतात. “गे सुगंधा, तुझ्या भावाचा कार्ड इला गो! म्हशीक रेडकू झाला!” ही आरोळी तिसऱ्या पायरीवर सुरू होई आणि आमच्या दारात संपे, तोवर रेडकाची वार्ता तीनही मजल्यांवर पसरलेली असे. सुगंधा माझी पत्नी. ती पदराला हात पुसत बाहेर येई आणि पुन्हा एकदा वाचा म्हणे; आणि धाकूमामा पुन्हा, अधिक मोठ्याने वाचीत.

दवाखाना मी मुद्दामच दूरचा निवडला होता, घाटकोपरच्या बाजूचा. सुगंधेला बाहेर बाकावर बसवून मी रांगेत उभा राहिलो होतो. तिच्या डोक्यावरच्या फळीवर रोगाचे नाव ठळक लाल अक्षरांत होते. सुगंधा त्याकडे पाहत होती, पण तिला वाचता येत नव्हते. खिडकीतल्या कारकुनाने माझ्यापुढे कार्ड सरकविले. “लिहिता येतं ना? मग भरा तुम्हीच.” त्याच्या कोपराशी छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा होता आणि एक शिपाई त्यांवर पत्ते घालीत होता. सर्वांत वरच्या कार्डावरचा मजकूर मला उलटा दिसत होता, तरी मी तो वाचला. ‘आपण क्षयरोगाच्या औषधासाठी नेमल्या तारखेस हजर राहिला नाहीत.’ मी विचारले, “ही कशाला?” कारकून म्हणाला, “जे येत नाहीत त्यांना. घरी जातात.” “अशी उघडी?” “मग काय, पाकिटात घालून लग्नाचं आमंत्रण देऊ?” मागचे दोघे हसले. त्या क्षणी मला धाकूमामांचा आवाज तिसऱ्या पायरीवर ऐकू आला. त्याच सकाळी मी ‘शिवदास’ नावाच्या कुणा व्यापाऱ्याचे खोके रंगविले होते. ते नाव बोटांत होते, ते कागदावर उतरले. पत्नीचे नाव मी माहेरचे लिहिले, चंपा. आत तिला त्या नावाने पुकारले तेव्हा ती क्षणभर दचकली आणि मग अशी लाजली की तिचा आजारी चेहरा उजळून निघाला. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, “तुमका माझा नाव अजून याद आसा?” मी ते प्रेमाने केले असे तिला वाटले. मी तसे वाटू दिले.

“पुढे लिही,” जयंती म्हणाली. “नातेवाइकाने जाणूनबुजून खोटा पत्ता दिला. पाच महिन्यांनंतर उपचार बंद. तीन स्मरणपत्रे पत्ता न सापडल्यामुळे परत. रुग्ण मयत.” मी लिहिले. ‘मयत’ हा शब्द मी अनेकदा लिहिला आहे. चाळीतल्या लोकांचे अर्ज मीच लिहितो. शेवटी माझ्याच्याने राहवेना. मी लेखणी खाली ठेवली आणि शक्य तितक्या सहज स्वरात विचारले, “मयत झाल्याचं तुला कसं कळलं? पत्ता तर सापडला नाही म्हणतेस.”

तिने वर पाहिले. मला वाटते, या प्रश्नासाठीच ती दुपारभर थांबली होती.

“मॅडमनी प्रत्येकीला दहा-दहा जुनी कार्डं दिली,” ती म्हणाली. “औषध सोडून गेलेले शोधून काढा म्हणाल्या. मला मानखुर्द आलं. अख्खा दिवस फिरले. शिवदास चाळ कुठे, शिवदास चाळ कुठे. एक म्हातारा म्हणाला, शिवदास म्हणून एक दूधवाला होता, त्याच्या गोठ्यात बघ. गोठ्यातपण गेले, दादा. म्हशींत उभी राहून विचारलं, इथे चंपा राहते का? तो भय्या हसायला लागला. म्हणाला, ‘चंपा तो ये खडी है, दो दिन से दूध नहीं देती.’”

एरवी मी हसलो असतो. ती मात्र हसत नव्हती.

“मग दमून स्टेशनच्या बाकावर बसले. कार्ड पुन्हा काढलं. तोवर मी नुसता पत्ता वाचत होते, अक्षर बघितलंच नव्हतं.” तिने पिशवीतून पिवळट कार्ड काढले आणि आमच्या दोघांच्या मध्ये, चटईवर ठेवले. “माझ्या सगळ्या वह्यांवर नाव तूच घालायचास. चौथीपासून. मला ओळखायला कितीसा वेळ लागणार?”

मी कार्डाला हात लावला नाही. फार सुंदर अक्षर होते ते. घाईत, भीतीत, उभ्याने लिहिलेले असूनही ओळ वाकलेली नव्हती. मनुष्याचे अंतःकरण थरथरत असता त्याचा हात इतका स्थिर कसा राहतो, या गोष्टीचा मला एकाएकी तिरस्कार वाटला, आणि त्याहून अधिक तिरस्कार समोर बसलेल्या या मुलीचा वाटला, जिने चार महिने ही गोष्ट पोटात ठेवून, तारीख ठरवून, मला कागद आणि दौत तयार ठेवायला लावून ती मजकडूनच लिहवून घेतली. “हे तू मुद्दाम केलंस,” मी म्हणालो. “हो,” ती म्हणाली. “मराठी मला हॉस्टेलमधल्या कुणीही करून दिलं असतं.” मी म्हणालो, “तुला लहानाची मोठी कुणी केली? नर्सिंगला कुणी घातली? त्याचे हे पांग फेडतेस?” ती शांतपणे म्हणाली, “वहिनीने केली. पाचला उठून डबा वहिनी करायची. आणि ॲडमिशनच्या वेळी माझा एक्स-रे काढला, तेव्हा छातीत जुना डाग निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होता का? मी छातीठोकपणे नाही म्हटलं. भांडले त्यांच्याशी. आमच्या घरात असलं काही नाही, म्हटलं. तिच्याच गोधडीत झोपत होते मी, आणि तुला माहीत होतं.”

शेजारच्या खोलीत कुणीतरी सुके बोंबील भाजायला घेतले होते. आमची खोली धुराने भरू लागली आणि जयंतीला खोकल्याची एक लहानशी उबळ आली. धुराचीच ती, परंतु ती खोकत असता आम्ही दोघेही एकमेकांकडे पाहणे टाळीत होतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, या डागाची. मी तिला काही विचारावे, तिच्या पाठीवरून हात फिरवावा, असे वाटले. पण तिने पदर तोंडावरून खाली घेतला आणि इंग्रजी कागद उलटला. “शिफारशी,” ती म्हणाली.

पहिल्या तीन शिफारशी मी यंत्रासारख्या लिहिल्या. दवाखाना संध्याकाळी उघडा असावा. औषधाचा साठा खंडित होऊ नये. नोंदवहीची दरमहा तपासणी व्हावी. “मुद्दा चार,” तिने सांगितले. “नवीन रुग्णाची नोंद करताना शिधापत्रिका पाहिल्याशिवाय कार्ड देण्यात येऊ नये. पत्त्याचा पुरावा नसल्यास नोंद नाकारावी.”

मी ‘मुद्दा चार’ एवढेच लिहिले. पुढची जागा कोरी होती, आणि ती कोरी जागा पाहता पाहता मला दवाखान्याची ती रांग दिसू लागली. माझ्यापुढे एक मनुष्य होता, कुठल्याशा सायकल दुरुस्तीच्या दुकानातला असावा, त्याच्या नखांत वंगण होते. तोही पत्ता सांगताना क्षणभर छताकडे पाहत होता. माझ्यामागे वाकोल्याची एक बाई होती, तिने तोंड पूर्ण झाकले होते. त्या रांगेत खरे पत्ते किती होते? प्रत्येकाच्या मागे एक जिना होता, एक सार्वजनिक नळ होता, घर रिकामे करा म्हणणारा मालक होता, स्थळ सांगून आलेली एखादी बहीण होती. खिडकीतून ‘रेशनकार्ड?’ एवढाच प्रश्न आला असता, तर रांगेतील निम्मी माणसे काही न बोलता मागे वळली असती. मीही. मला हे निश्चितपणे ठाऊक होते, आणि जयंतीला ते ठाऊक नव्हते, कारण ती खिडकीच्या आतल्या बाजूला गेली होती. एक विचार असा आला की हे वाक्य मी निराळेच लिहून टाकावे. शब्दांचा फुलोरा करून मी त्यातले विष काढून घेऊ शकलो असतो; टिपण मोहोरबंद होऊन वर गेले असते आणि तिला कळलेही नसते. परंतु एकदा एका खिडकीपाशी मी लेखणीने जे केले ते पुन्हा करण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते. ते टाळायचे तर तोंडाने बोलणे भाग होते, आणि तोंडाने बोलायचे तर आजवर कुणापुढे न बोललेले बोलणे भाग होते.

“हे मी लिहिणार नाही,” मी म्हणालो.

“दे इकडे. मी लिहिते.”

“जयू, ऐक. हा मुद्दा वर गेला तर माणसं मरतील.”

ती हसली, दुपारपासून प्रथमच. “कोण बोलतंय बघा.”

“मीच बोलतोय. मी त्या रांगेत होतो, तू नव्हतीस. रेशनकार्ड मागितलं असतं तर मी काय केलं असतं, माहीत आहे?”

“आणलं असतंस दुसऱ्या दिवशी.”

“नाही. तिला परत घेऊन आलो असतो. आणि मग एकही गोळी मिळाली नसती. पाच महिने औषध मिळालं ते खोट्या पत्त्यामुळे मिळालं. मी भ्यालो होतो. त्या उघड्या कार्डाला भ्यालो. धाकूमामा जिन्यात वाचतील म्हणून भ्यालो. तू बारावीत होतीस, नळावर बायकांनी तुझी घागर बाजूला सरकवली असती...”

“माझ्या नावावर खपवू नकोस.”

“बरं. माझ्या नावावर घाल. मी भ्यालो. पण भिणाऱ्याला तू दारातून हाकललंस, तर मरणार तो नाही, त्याने बाकावर बसवून ठेवलेलं माणूस मरेल.”

तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण डोळ्यांत काहीतरी हलले. तो जिव्हाळा नव्हता. परीक्षेत अनपेक्षित प्रश्न आला असता हुशार विद्यार्थ्याच्या मुद्रेवर जे दिसते ते होते. तिने पेन्सिल घेतली. “थांब. परत सांग. पेशंटचा नातेवाईक म्हणून सांग.” मी सांगितले. तिने आपल्या कागदावरची चौथी शिफारस एका रेघेने खोडली. “मग त्याऐवजी काय?” मी म्हणालो, “स्मरणपत्र उघडं जाऊ नये. बंद पाकिटात जावं. पाकीट धाकूमामा कधी फोडत नाहीत.” ती लिहीत होती, आणि मला अंगावरचे ओझे कुणी उतरवून घ्यावे तसे वाटत होते. मी जिंकलो होतो, असेही मला वाटले. मी दौतीचे झाकण काढून भाषेची जुळवाजुळव सुरू केली. ‘स्मरणपत्र बंद लिफाफ्यातून, रोगाचा उल्लेख बाहेर न करता...’

“कुणाच्या नावाने?” जयंतीने विचारले.

“काय?”

“पाकीट. वर नाव कुणाचं?”

“अर्थात कुटुंबप्रमुखाचं.”

“म्हणजे तुझं.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “पत्ता खरा आहे असं धर. पाकीट आलं. धाकूमामांनी न फोडता तुझ्या हातात दिलं. तू फोडलंस, वाचलंस. मग? वहिनीला वाचून दाखवलं असतंस?”

मी निब चिंधीने पुसू लागलो.

“तिने मला विचारलं होतं, दादा. गोळ्यांची पट्टी घेऊन आली होती माझ्याकडे. ‘जयू, तू शिकलेली, ह्यावर काय लिवलाहा तां वाच.’ मी वाचलं. इंग्रजी नाव होतं, मला तेव्हा काय कळतंय? आयसोनायझिड. तिने दोनदा म्हणून बघितलं. मग म्हणाली, ‘चांगला नाव आसा.’ आणि पट्टी डब्यात ठेवून दिली.”

दोन वर्षे मी त्या पत्त्याची शिक्षा भोगत आलो आहे. सुगंधा त्र्याऐंशीच्या श्रावणात गेली; चाळीला मी न्यूमोनिया सांगितला. त्यानंतर रात्रंदिवस मी स्वतःला एकच गोष्ट सांगत राहिलो, की ती तीन कार्डे आपल्या दारी आली असती तर सुगंधा जगली असती. त्या दुःखात एक प्रकारची सोय होती, हे जयंतीच्या प्रश्नाने मला प्रथमच दिसले. त्या कार्डांत मला ठाऊक नसलेले असे काय होते? नेमली तारीख मला पाठ होती. औषध अठरा महिने घ्यावे लागते, हे डॉक्टरांनी मलाच सांगितले होते, सुगंधेला बाहेर पाठवून. तेच मला म्हणाले होते की बाईमाणसाला सांगून घाबरवू नका, आणि ते मला किती बरे वाटले होते. मी तिला सांगितले की अशक्तपणा आहे, ताकदीच्या गोळ्या आहेत. सुरुवातीची इंजेक्शने, तीही ताकदीची. पाचव्या महिन्यात ती एका सकाळी गॅलरीत केस विंचरीत उभी होती. अंग भरले होते, बांगड्या मनगटात रुतू लागल्या होत्या. “आता मी बरी आसय,” ती म्हणाली. “ताकद इली. ते गोळये आता कित्याक व्हये? पोटात जळजळता.” मला पहिल्या पाळीला जायचे होते. पुन्हा सुटी मागावी लागणार होती, पुन्हा त्या रांगेत उभे राहावे लागणार होते. एक शब्द उच्चारायचा होता, दोन अक्षरांचा. गॅलरीत त्या वेळी दुसरे कोणीही नव्हते, धाकूमामाही नव्हते. मी म्हणालो, “बरं.” ती तिच्या परीने शहाण्यासारखीच वागली. ताकद आलेल्या माणसाने ताकदीची गोळी का घ्यावी?

“नसतं दाखवलं,” मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. “खिशात घातलं असतं.”

जयंतीने मान हलविली. मला वाटले होते की हे ऐकून ती रडेल, किंवा मला काहीतरी भयंकर बोलेल. तिने यांपैकी काहीच केले नाही. ते कार्ड उचलून तिने पिशवीत ठेवले, आपल्या कागदावरची बंद पाकिटाची ओळही खोडली आणि त्याखाली भराभर काहीतरी लिहिले. मग नीट बसली. “लिही,” ती म्हणाली. “आणि हे तुझ्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेव. मी तुला माफबिफ काही केलेलं नाही. मुद्दा चार. पत्त्याच्या पुराव्याअभावी कोणाचीही नोंद नाकारू नये. स्मरणपत्र रुग्णाच्याच नावे व बंद पाकिटातून जावे.”

मी लिहिले.

“रुग्णास वाचता येत नसल्यास परिचारिकेने घरी जावे. रोगाचे नाव आणि औषध किती महिने घ्यायचे, हे रुग्णाला स्वतःला, त्याच्या बोलीत, घरातील अन्य कोणीही समोर नसताना सांगण्यात यावे.”

हे वाक्य लांब होते आणि मी ते सावकाश लिहीत गेलो. शासकीय कागदात वाक्य कुठे दुमडावे, कुठे स्वल्पविराम द्यावा, याची मला समज आहे. ‘घरातील अन्य कोणीही’ एवढे लिहून झाल्यावर मी थांबलो. माझ्या डोळ्यांसमोर एक पांढऱ्या साडीतील मुलगी आमच्या दारात उभी होती, आणि मी नेहमीप्रमाणे खुर्ची पुढे करून, काय सांगायचे ते मला सांगा, असे तिला म्हणत होतो. आणि ती ‘अन्य कोणी’ म्हणजे शेजारीपाजारी असे समजून मलाच सांगत होती. मी स्वल्पविराम दिला. त्यापुढे, जयंतीने न सांगितलेला एक शब्द मी माझ्या मनाने घातला, ‘पतीदेखील’, पुन्हा स्वल्पविराम दिला, आणि ‘समोर नसताना’ लिहून वाक्य पुरे केले.

जयंती पुढे वाकून वाचीत होती. तिची नजर त्या शब्दावर येऊन थांबलेली मला दिसली. ती आता तो खोडायला सांगेल, वा माझ्याकडे पाहील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिने पाहिले नाही. खोडायलाही सांगितले नाही.

“पुढे,” ती म्हणाली. “मुद्दा पाच.”